घरासाठी ब्रॉडबँड योजना निवडताना वेगाच्या आकड्यापलीकडे काय पाहावे?

सांजवारा (धागालेखिका)

नमस्कार. आमच्या घरच्या ब्रॉडबँड जोडणीची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. आजवर मुदत संपली की आम्ही फारसे काही न पाहता तीच योजना पुढे चालू ठेवत आलो. या वेळी मात्र नीट विचार करूनच ठरवायचे, असे घरात सर्वांचे मत पडले, म्हणून हा धागा काढते आहे.

घरात आम्ही पाच जण आहोत. माझे काम पूर्णवेळ घरूनच चालते आणि बऱ्याच व्हिडिओ बैठका रात्री आठनंतर असतात. माझे पती आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतात; त्यांना इमारतींच्या आराखड्यांच्या मोठमोठ्या फायली कार्यालयाच्या सर्व्हरवर चढवाव्या लागतात. मुलगी महाविद्यालयात आहे, मुलगा ऑनलाइन गेम खेळतो, आणि सासऱ्यांची दर पंधरा दिवसांनी डॉक्टरांशी व्हिडिओवर भेट असते. दाराशी एक कॅमेराही आहे.

सध्याची जोडणी टीव्हीच्या केबलवरून येते. करारात डाउनलोडचा वेग १०० एमबीपीएस आणि अपलोडचा १० एमबीपीएस असा लिहिलेला आहे. दिवसभर सगळे सुरळीत असते, पण रात्री नऊच्या सुमारास माझा आवाज तुटू लागतो, मुलाचा गेम अडखळतो आणि मग घरात एकमेकांना दोष देणे सुरू होते.

समोर तीन पर्याय आहेत. पहिला सध्याच्याच कंपनीचा: डाउनलोड ३०० आणि अपलोड २० एमबीपीएस, दोन वर्षांचा करार, पहिले सहा महिने निम्मा दर. दुसरा फायबरचा: दोन्ही बाजूंनी १००, एक वर्षाचा करार, दर स्थिर, पण बसवण्याचे शुल्क वेगळे. तिसरा ५जी वरचा बिनतारी पर्याय, ज्यात मुदतीचे बंधन नाही आणि वेग मात्र "अमुकपर्यंत" असा दिलेला आहे. आमच्यासारख्या घराने यांतून निवड कशी करावी?

तारायंत्र

तुम्ही घराचे वर्णन नीट दिले आहे, त्यामुळे नेमके उत्तर देता येईल. नेटवर्कची देखभाल हाच माझा व्यवसाय आहे, आणि वेगाचा सर्वांत मोठा आकडा पाहून घेतलेल्या जोडण्यांबद्दलच्या तक्रारी मी जवळजवळ रोज ऐकतो.

प्रथम एककाचा घोळ मिटवू. जाहिरातीतला एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि फायलीचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये मोजला जातो. ८ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल उतरताना संगणकाने सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास आकडा दाखवला, तर कंपनीने फसवले असे समजू नये. तो आकडा बरोबरच आहे.

घराची गरज ठरवताना महिन्याची सरासरी उपयोगाची नाही. सर्वांत गर्दीचा तास कोणता ते पाहावे आणि त्या तासाची बेरीज करावी. तुमच्याकडे तो रात्री नऊचा आहे. दोन चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ बैठका एकाच वेळी चालल्या तर प्रत्येकीला ३ ते ४ एमबीपीएस लागतात. कुणी ४के दर्जाचा चित्रपट पाहत असेल तर नेटफ्लिक्स त्यासाठी १५ एमबीपीएस सुचवते, फुल एचडीसाठी ५ पुरतात. ऑनलाइन गेम प्रत्यक्ष खेळताना फारच कमी डेटा वापरतो. त्याला वेगापेक्षा प्रतिसादाचा काळ महत्त्वाचा. असे सगळे धरून आणि फोनवरचे किरकोळ वापर मिळवूनही तुमची बेरीज ४० ते ५० एमबीपीएसच्या पुढे जाणे कठीण आहे. डाउनलोडसाठी तुमच्याकडे आजच दुप्पट जागा आहे, म्हणून तो आकडा ३०० केल्याने रात्री नऊचा त्रास थांबेल असे मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. तुमचा अपलोड केवळ १० आहे. व्हिडिओ बैठकीत आपले चित्रही तिकडे जात असते, म्हणजे दोन बैठकांतच ६ ते ८ एमबीपीएस गेले. कॅमेरा आपली चित्रफीत सतत पाठवत असेल तर तोही एक-दोन घेतो. अशा वेळी तुमच्या पतींनी १ गिगाबाइटची फाइल चढवायला घेतली, तर ती एकटीच पूर्ण वाट मिळूनही १३ मिनिटांहून जास्त काळ जाईल. हीच फाइल १०० एमबीपीएसच्या अपलोडवर दीड मिनिटाच्या आत जाते.

अपलोडची वाट भरली की डाउनलोडही मंदावते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पलीकडून येणाऱ्या माहितीची पोचपावती आपल्या बाजूने सतत परत जात असते. त्या पोचपावत्या मोठ्या फायलीच्या मागे रांगेत अडकल्या, की पाठवणारा सर्व्हर आपला वेग कमी करतो. मोडेममधली रांग जितकी लांब, तितका विलंब अधिक. तंत्रज्ञ याला बफरब्लोट म्हणतात.

एक चाचणी करा. राउटरला लॅन केबलने जोडलेल्या संगणकावरून, घरात कुणी काही वापरत नसताना एखाद्या बाहेरच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवा, आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते लिहून ठेवा. मग एक मोठी फाइल अपलोडला लावून पुन्हा तेच करा. दोन आकड्यांतला फरक इथे कळवा. शक्य असल्यास सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला वेगाची चाचणीही करा, तीही केबल लावूनच.

उंबरठा

तारायंत्र यांच्या "केबल लावूनच" या शब्दांवर भर द्यावासा वाटतो, कारण मी ते केले नाही आणि एक वर्ष वाया घालवले.

आमच्याकडे आतल्या खोलीत इंटरनेट रखडत असे. मी थेट चौपट वेगाची योजना घेतली. पहिल्याच रात्री आतल्या खोलीत पडद्यावरचा लोडिंगचा गोल तसाच फिरत राहिला. करार वर्षभराचा असल्याने जादा पैसे भरतच राहावे लागले. शेवटी एका परिचितांनी घरी येऊन पाहिले, तेव्हा राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या फटीत, तारांच्या गुंत्यात उभा असल्याचे त्यांनी दाखवले. त्यांनी तो बाहेर काढून मार्गिकेतल्या उंच फळीवर ठेवला, एवढेच. आतल्या खोलीतला वेग ७ वरून ५८ वर गेला. योजना बदलण्याची काहीच आवश्यकता नव्हती.

वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून लांबवर पोहोचतो, पण मंद असतो आणि शेजारपाजारच्या राउटरांनी भरलेला असतो. त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या जवळपास सर्वत्र तीनच मानतात: १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या इमारतीत त्या तिन्ही भरलेल्या असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आहे, परंतु दोन जाड भिंतींपलीकडे तो क्षीण होतो. तुमच्या सासऱ्यांची खोली राउटरपासून किती भिंतींपलीकडे आहे, हे कोणतीही योजना घेण्याआधी पाहा. कंपनी आपली सेवा राउटरपर्यंत आणून देते. तिथून पुढचा प्रश्न आपला असतो.

सांजवारा

दोघांचेही मनापासून आभार. चार दिवस मोजमाप केले. मुलीने वहीत तक्ता आखून दिला आणि आम्ही दोघींनी मिळून आकडे भरले.

घर शांत असताना पिंग १४ मिलिसेकंद. फाइल चढवायला लावल्यावर ३८०, एकदा तर ५०० च्याही वर. लॅन केबलवर डाउनलोडचा वेग सकाळी ९४, दुपारी ९४ आणि रात्री नऊला ७० ते ७५ च्या दरम्यान.

एक गोष्ट मोजता मोजता उलगडली. मंगळवारी रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी पिंग अचानक चढला, तेव्हा पती घरी नव्हते आणि कुणीही फाइल पाठवत नव्हते. सगळ्या खोल्यांत फिरून पाहिले. मुलीने नुकताच फोन चार्जरला लावला होता, आणि फोनने दिवसभराचे फोटो व चित्रफिती परस्पर क्लाउडवर पाठवायला सुरुवात केली होती. तिने फोन विमानाच्या चिन्हावर टाकताच पिंग १५ वर आला. तिला आणि आम्हालाही याची कल्पना नव्हती. इतके दिवस आम्ही मुलाच्या गेमला बोल लावत होतो, त्याचे मला खरोखर वाईट वाटले. त्याला तसे सांगितलेही.

तारायंत्र

तुम्ही शोध अगदी योग्य रीतीने लावलात. १४ वरून ३८० ही अपलोडची वाट तुंबल्याची स्पष्ट खूण आहे. फोटोंच्या बॅकअपची वेळ पहाटेची ठेवता आली तर आजच्या आज त्रास कमी होईल. राउटरमध्ये रांगेचे नियोजन करणारी सोय असल्यास तीही चालू करा. काही राउटरांत ती एसक्यूएम या नावाने असते आणि तिच्या मुळाशी बहुधा एफक्यू-कोडेल ही पद्धत असते, जी २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. तिच्यात वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा १० ते १५ टक्के कमी ठेवावी लागते, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागते आणि राउटर माहितीच्या छोट्या पाकिटांना आधी वाट करून देतो.

रात्रीची घट वेगळ्या कारणाने होते. केबलवरच्या जोडणीत एका भागातली अनेक घरे एकच वाहिनी वाटून घेतात, त्यामुळे सर्वांचा गर्दीचा तास एकच आला की प्रत्येकाचा वाटा घटतो. ७० मध्ये तुमचे काम भागते, म्हणून ती घट आज त्रासदायक नाही. मात्र ३०० ची योजना घेऊन रात्री किती मिळतील, हा प्रश्न त्या कंपनीला अवश्य विचारा.

काजवा

मला त्या ९४ च्या आकड्याबद्दल सांगायचे आहे. सकाळी आणि दुपारी नेमका ९४ येणे, हे पुष्कळदा जोडणीचे माप नसून पोर्टचे, म्हणजे लॅन केबल खोचण्याच्या जागेचे, माप असते. फास्ट इथरनेटचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो आणि पाकिटांवरची वेष्टने वजा जाता हाती ९४ च्या आसपास उरतात. तुमच्या राउटरचे किंवा संगणकाचे पोर्ट तसे असतील, तर ३०० ची योजना घेऊनही केबलवर ९४ च्या वर काही दिसणार नाही.

केबलही तपासा. गिगाबिट वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार तुटलेली असेल तर उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. केबलच्या आवरणावर "कॅट ५ई" किंवा त्यापुढचा प्रकार छापलेला असला पाहिजे.

हिशेबवही

तांत्रिक बाजू इतरांनी उत्तम मांडली आहे. मी कराराबद्दल लिहितो, कारण घराला खरा फटका तिथेच बसतो.

"पहिले सहा महिने निम्मा दर" हे वाक्य वाचताना संपूर्ण मुदतीची बेरीज केल्याशिवाय पुढे जाऊ नये. समजा, फायबरचा मासिक दर १०० आहे, बसवण्याचे शुल्क ६०, आणि केबलच्या नव्या योजनेचा पूर्ण दर १२०. हे आकडे केवळ प्रमाण कळावे म्हणून घेतले आहेत. तुमचे खरे दर त्यांच्या जागी घाला. केबलचे पहिले सहा महिने ६० प्रमाणे ३६० होतात आणि उरलेले अठरा महिने १२० प्रमाणे २१६०, म्हणजे दोन वर्षांचे २५२०. फायबरचे दोन वर्षांचे २४०० अधिक ६०, म्हणजे २४६०. पहिल्याच वर्षापुरते पाहिले तर मात्र केबल १०८० आणि फायबर १२६०, म्हणजे केबल स्वस्त दिसते. ज्याला वर्षभरानंतर सोडता येणार असेल त्याच्यासाठी केबलचा सौदा चांगला ठरला असता, पण दोन वर्षांच्या बंधनामुळे नेमके तेच करता येत नाही. सवलत आणि बंधन या दोन्हींचा विचार एकत्रच करायला हवा.

मी स्वतः यात पोळलो आहे. करार संपायला नऊ महिने असताना आम्हाला घर बदलावे लागले. नव्या जागी त्या कंपनीची सेवाच नव्हती, तरी उरलेल्या नऊ महिन्यांचे पैसे भरावे लागले. विक्री प्रतिनिधीने तोंडी सांगितले होते की घर बदलल्यास काही द्यावे लागत नाही, परंतु करारात तसे एक अक्षरही नव्हते. त्यानंतर मी एक नियम केला आहे: प्रतिनिधीने फोनवर जे सांगितले ते ईमेलवर लिहून मागायचे आणि तो ईमेल येईपर्यंत पैसे भरायचे नाहीत.

तुम्ही लेखी विचाराव्यात अशा गोष्टी पुष्कळ आहेत. मुदतीच्या मध्यात दर वाढवण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे का? राउटर विकत दिला आहे, भाड्याने की वापरापुरता? अनामत किती, आणि ती किती दिवसांत परत मिळते? मुदत संपल्यावर करार आपोआप पुन्हा वर्षभरासाठी चालू होतो की महिन्याच्या हिशेबाने? सोडायचे असल्यास किती दिवस आधी कळवावे लागते? योजनेची पायरी मुदतीत वर नेता येते हे सर्व जण आनंदाने सांगतात. खाली आणता येते का, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

"अमर्याद" या शब्दामागे बऱ्याचदा डेटाची मर्यादा असते, आणि ती ओलांडल्यावर वेग खाली येतो. नेटफ्लिक्सवर ४के दर्जात तासाला ७ गिगाबाइटपर्यंत डेटा जातो. रोज तीन तास असे पाहिले तर महिन्याला ६३० गिगाबाइट केवळ त्यातच संपतात. त्या मर्यादेत अपलोडही मोजला जातो का, हेही विचारा, कारण तुमच्या घरात फायली आणि फोटो पुष्कळ चढतात. सोबत मिळणाऱ्या ओटीटीच्या सदस्यत्वांचे मूल्य मात्र तुम्ही एरवी पैसे देऊन घेतले असते तेवढेच धरा.

पाऊलवाट

तिसऱ्या पर्यायाबद्दल अजून कुणी काही लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्या घरापर्यंत फायबर पोहोचलेलेच नाही आणि आम्ही सव्वा वर्ष बिनतारी जोडणीवर आहोत. ती सरसकट वाईट नसते. मुदतीचे बंधन नसणे हा मोठा गुण आहे, कारण घर भाड्याचे असेल किंवा पुढच्या सहा महिन्यांची खात्री नसेल तर तो गुण वेगापेक्षा मोलाचा ठरतो. उपकरण खिडकीपाशी ठेवले आणि मोबाइलचा मनोरा ज्या दिशेला आहे त्या बाजूची खिडकी निवडली, की आमच्याकडे वेग जवळपास दुप्पट झाला. त्यासाठी मी उपकरण हातात घेऊन घरातल्या सहा खिडक्यांशी प्रत्येकी दहा मिनिटे बसले होते.

पण त्याचा वेग दिवसभर वर-खाली होतो, कारण त्या मनोऱ्यावर परिसरातले फोनही असतात. शिवाय बहुतेक बिनतारी सेवांत घराला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर बाहेरून थेट गाठता येईल असा क्रमांक, मिळत नाही. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा २०११ मध्येच संपला, म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. तुमचा दारावरचा कॅमेरा निर्मात्याच्या सर्व्हरमार्गे दिसत असेल तर काही अडणार नाही. बाहेरून थेट घरच्या पत्त्यावर जोडून पाहत असाल तर तो दिसायचा बंद होईल. काही फायबर कंपन्याही असेच करतात, म्हणून दुसऱ्या पर्यायालाही हा प्रश्न विचारा.

उपग्रहावरची सेवा तुमच्यापुढे नाही, पण हा धागा आमच्यासारखे दूरचे लोकही वाचतील म्हणून सांगते. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्गे संदेश पलीकडे जाऊन त्याचे उत्तर परत यायला किमान ४७७ मिलिसेकंद लागतातच. तिथे कोणतीही कंपनी काही करू शकत नाही, कारण प्रकाशाचाच वेग तेवढा आहे. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेत हा विलंब खूपच कमी असतो आणि व्हिडिओ बैठका व्यवस्थित होतात.

निळी फीत

सर्वांचा रोख फायबरच्या १०० कडे दिसतो आहे. पण पुढचा विचार करता ३०० घेऊन ठेवणे शहाणपणाचे नाही का? दोन वर्षांत गरज वाढेलच.

तारायंत्र

गरज वाढेल हे मान्य. मात्र हिशेबवही यांनी म्हटल्याप्रमाणे पायरी वर नेणे कोणत्याही दिवशी शक्य असते, त्यामुळे दोन वर्षांनंतरच्या गरजेचे पैसे आजपासून भरण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय त्या ३०० बरोबर अपलोड २० च आहे. या घराची कोंडी अपलोडमध्ये आहे. ५० गिगाबाइटचा गेम १०० एमबीपीएसवर उतरायला एक तास सात मिनिटे लागतात आणि ३०० वर बावीस-तेवीस मिनिटे. मुलाला महिन्यातून एकदा एवढी वाट पाहावी लागेल, आणि तेवढी तो पाहू शकेल असे वाटते.

फायबरबद्दल दोन-तीन गोष्टी नक्की करून घ्या. काचेचा तंतू प्रत्यक्ष घरात येतो की इमारतीपर्यंतच येऊन पुढे तांब्याची तार असते, हे विचारा. दोन्हींना "फायबर" म्हणून विकले जाते. घरात येत असेल तर बहुधा जीपॉन हे तंत्र असेल. त्यात २.५ गिगाबिटची डाउनलोडची आणि १.२५ गिगाबिटची अपलोडची वाट साधारणपणे ३२ किंवा ६४ घरे वाटून घेतात. वाटणी तिथेही आहे, पण मूळची वाट रुंद असल्याने १०० एमबीपीएसच्या योजनांना सहसा टंचाई भासत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या सासऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जुना तांब्याच्या तारेवरचा दूरध्वनी एक्स्चेंजकडून येणाऱ्या विजेवर चालत असे, त्यामुळे घरातली वीज गेली तरी तो बंद पडत नव्हता. फायबरच्या तंतूतून वीज येत नाही. ओएनटी (फायबरचा तंतू घरात ज्या पेटीला जोडतात ती) आणि राउटर दोन्ही घरच्या विजेवर चालतात, आणि दूरध्वनीही त्याच जोडणीवर घेतला असेल तर वीज जाताच तो मुका होतो. या दोन उपकरणांसाठी छोटा बॅटरी बॅकअप घ्या आणि सासऱ्यांजवळ चार्ज केलेला एक मोबाइल नेहमी असू द्या.

उंबरठा

बसवायला माणूस येईल तेव्हा घरात कुणीतरी जाणते असावे. तंतू जिथून आत येतो तिथेच, म्हणजे बहुधा दाराच्या कोपऱ्यात, सगळे बसवून निघून जाणे त्याला सोयीचे असते. आपण आधीच जागा ठरवून ठेवली तर तो तिथपर्यंत तंतू नेतो. तंतूला काटकोनात मुरड पडू देऊ नका. तीव्र वळणात प्रकाश बाहेर सांडतो आणि ओएनटीवरचा "एलओएस" चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल होतो.

सांजवारा

सहा आठवड्यांनी परत येते आहे. आम्ही फायबर घेतले.

ईमेलवर चौदा प्रश्न पाठवले होते. फायबर कंपनीने बारांची उत्तरे दिली; उरलेल्या दोनांसाठी पुन्हा लिहावे लागले. सध्याच्या कंपनीकडून मात्र रात्रीच्या वेगाबद्दल "परिस्थितीनुसार" एवढेच उत्तर आले आणि मुदतीत पायरी खाली आणता येणार नाही, असे स्पष्ट झाले. फायबरवरही आम्हाला सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, पण आमचा कॅमेरा निर्मात्याच्या सर्व्हरमार्गे चालतो, त्यामुळे अडले नाही.

जुनी जोडणी आम्ही दोन आठवडे मुद्दाम चालू ठेवली. जादा खर्च झाला, परंतु नवी बसवण्याचा दिवस दोनदा पुढे ढकलला गेला तेव्हा त्याचे मोल कळले. ओएनटी आता दाराशी नसून मधल्या मार्गिकेत छातीच्या उंचीवर आहे. बसवणाऱ्या गृहस्थांना आम्ही आधीच पेन्सिलने खूण करून ठेवलेली भिंत दाखवली, आणि त्यांनी कुरकुर न करता बारा मीटर तंतू छताच्या कडेने नेला.

वहीतले नवे आकडे असे आहेत. घर शांत असताना पिंग ६, फाइल चढत असताना ११. रात्री नऊला डाउनलोड ९४ आणि अपलोड ९३. काजवा यांचा अंदाज खरा ठरला: माझ्या संगणकाचा पोर्टच १०० चा निघाला, म्हणून तो ९४ च्या वर जात नाही. आमची योजनाच १०० ची असल्याने तूर्त तो बदलत नाही.

सासऱ्यांच्या खोलीत वाय-फाय अजूनही अशक्त होते. मध्ये स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची अशा दोन भिंती आहेत. अनेक छोट्या वाय-फाय उपकरणांचा मेश संच घेण्याऐवजी आम्ही मार्गिकेतून त्यांच्या खोलीपर्यंत कॅट ६ ची केबल टाकली आणि तिच्या टोकाला जुना स्वतःचा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तिथे वाय-फाय देण्यापुरता, लावला. गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी त्यांना पायाची सूज कॅमेऱ्याजवळ दाखवायला सांगितले. त्याच वेळी शेजारच्या खोलीत पतींची फाइल चढत होती. डॉक्टरांना चित्र इतके स्वच्छ दिसले की बोटाने दाबल्यावर राहिलेला खळगाही त्यांनी पाहिला आणि औषधाची मात्रा बदलून दिली.

एक शंका उरली आहे. जुन्या कंपनीचा मोडेम परत करताना काय काळजी घ्यावी?

हिशेबवही

वाचून फार बरे वाटले. मोडेम परत करण्याआधी मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून तो मूळ स्थितीत आणा, म्हणजे तुमच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड त्यात राहणार नाहीत. अनुक्रमांक दिसेल असा त्याचा फोटो काढा, अडॅप्टर आणि तारा सोबतच द्या, आणि त्याच अनुक्रमांकासह लेखी पावती घ्या. जोडणी बंद करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. नुसता मोडेम परत केल्याने बिल थांबत नाही. अनामत खात्यात जमा होईपर्यंत ती पावती त्या वहीतच जपून ठेवा.

सांजवारा

पावती घेतली. वहीच्या शेवटच्या पानाला पिनेने लावली आहे.